सुरांचे बिऱ्हाड

गायक आपला गळा घेऊन येतो. साथीदाराला मात्र सगळे बिऱ्हाड घेऊन यावे लागते. मी गेली तीस वर्षे साथीला बसतो आहे. आधी पेटीवर, नंतर की-बोर्डवर. घर मिरजेत. मुलूख म्हणाल तर सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव-विजापूर. लग्नातला ऑर्केस्ट्रा, उरुसातली कव्वाली, आषाढीच्या दिवसांतली अभंगवाणी, गणपतीतली भावगीते, अधूनमधून गझलेची एखादी बैठक, असे जे समोर येईल ते वाजवतो. साथीदाराला आवडनिवड ठेवून चालत नाही. समोरचा ज्या सुरात गाईल तो आपला सूर आणि तो जी लय धरील ती आपली लय.

पूर्वी हे बिऱ्हाड मोठे होते. पेटी, गाण्यांच्या वह्यांची पिशवी, पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी. २०१३ पासून त्यातले बरेचसे सामान एका टॅबलेटमध्ये जाऊन बसले. की-बोर्डच्या स्टँडवर पाटीएवढी ती वस्तू लावली की झाले. तिच्यात कार्यक्रमासाठीचे एक ॲप असते. त्यात प्रत्येक गाण्याचे एक पान. पानावर गाण्याचे शब्द, सूर, लय, कोणता गायक, सुरुवातीला कोणता आवाज, अंतऱ्याला कोणता. पायाजवळच्या पेडलवर पाय पडला की पुढचे पान येते आणि त्याच क्षणी टॅबलेट तारेतून की-बोर्डला आकडा पाठवतो, ‘आता बासरी लाव’, ‘आता सतार लाव’. मागे तंबोरा चालू राहतो. ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या मुलाच्या कानात लयीचे टकटक जाते, ते श्रोत्यांना ऐकू येत नाही. माझ्याकडे अशी ६१२ पाने होती आणि त्यांचे चार गठ्ठे होते : लग्न, उरूस, अभंग, गझल.

२०२५ च्या जूनमध्ये, आषाढीच्या तोंडावर, माझ्या टॅबलेटची काच एका कडेने उचलली गेली. आधी वाटले, कुठे तरी आपटला असेल. दुरुस्तीवाल्या मुलाने तो हातात घेतला आणि लगेच टेबलावर ठेवून दिला. म्हणाला, “चाचा, बॅटरी फुगलीय. आता हा चार्जिंगला लावू नका. उशाशी तर अजिबात ठेवू नका.” बॅटरी बदलून दे म्हटले, तर काच काढतानाच फुटेल, आतले राहील की जाईल याची हमी नाही, असे तो म्हणाला. टॅबलेट २०१८ सालचा. २०२४ मध्ये आलेली प्रणालीची अठरावी आवृत्ती त्याच्यावर चढतच नव्हती. म्हणजे तसाही तो उतरणीला लागला होता. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता : ६३ टक्के. जे काही बाहेर काढायचे ते एवढ्यात काढायचे होते, आणि अभंगाचा कार्यक्रम नऊ दिवसांवर आला होता.

नवा टॅबलेट घेतला. माझी मुलगी सांगलीला संगणकशास्त्र शिकते. ती म्हणाली, “पप्पा, काही अवघड नाही. दोन्ही शेजारी ठेवायचे, आपोआप सगळे तिकडे जाते.” खरेच गेले. तासाभरात फोटो, संपर्क, पत्रे, सगळे नव्या पडद्यावर जिथल्या तिथे दिसू लागले. फक्त कार्यक्रमाच्या ॲपच्या जागी एक राखाडी चौकोन राहिला. ते ॲप बनवणाऱ्यांनी ते चालवणे केव्हाच सोडून दिले होते. जुन्या यंत्रावर होते तोवर चालत होते. नव्या यंत्रावर ते उतरेना. घर बदलले, गाडीतून सगळे सामान आले आणि नेमके चुलीचे पोते मागे राहिले, अशी गत झाली.

मग निराळी वाट धरावी लागली. दुसरे ॲप घ्यायचे, जुन्यातून गाण्यांची यादी आणि ध्वनिफिती फाइलींच्या रूपाने बाहेर काढायच्या, नव्यात भरायच्या. मुलीने विचारले, “पहिल्यांदा काय काढायचे?” मी ६१२ गाण्यांचे नाव घेतले नाही. म्हटले, “आधी आजोबांचा तंबोरा काढ.” नऊ फाइली होत्या. त्या संगणकावर उतरल्या, पेन ड्राइव्हवर एक प्रत गेली, तेव्हा आकडा ५८ वर आला होता. त्यानंतर गाणी काढली. शेवटी जिथे जिथे काही जुळवाजुळव केली होती त्या पडद्यांचे फोनवर फोटो घेतले आणि ३७ टक्के शिल्लक असताना तो टॅबलेट बंद करून अंगणातल्या फरशीवर, पत्र्याच्या डब्यात ठेवला.

तंबोऱ्याविषयी थोडे सांगायला हवे. मिरजेत सतार-तंबोऱ्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तो सुरू केला. तलवारीचे दिवस संपत आले होते आणि हातातले कसब रिकामे बसणार होते. ते वाद्यांकडे वळले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर झाली. तिथे त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. अशा गावात वाद्य बनवणाऱ्याला कान आपसूक मिळतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. माझे वडील त्या कारागीर घराण्यांपैकी नव्हते. ते एका दुकानात बेचाळीस वर्षे जवारीच्या कामावर होते.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, तुणीचे लाकूड येते, सांगाडा उभा राहतो, तारा चढतात; पण तिथवर ते फक्त लाकूडच असते. घोडीचा माथा कानशीने अगदी किंचित उतरता केला आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा नेमक्या जागी सरकवला की तार घोडीला हलकेच चाटू लागते आणि एका तारेतून अनेक सूर पसरतात. ती जवारी. धागा केसभर पुढे गेला तर आवाज बसतो, मागे राहिला तर तार नुसती झणझणते. अब्बा ते काम डोळे मिटून करीत. आणि गिऱ्हाईक आल्याशिवाय शेवटचा हात फिरवीत नसत. गाणाऱ्याला समोर बसवायचे, षड्ज लावायला सांगायचे, मग धागा सरकवायचा. म्हणायचे, “तंबोरा गानेवाले के वास्ते लगताय, खाली सूर के वास्ते नई.”

१९७० च्या दशकाच्या शेवटी बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली आणि पुढे तंबोऱ्याच्या डब्या घरोघर गेल्या. ज्या शिकणाऱ्या मुली पहिला तंबोरा मिरजेहून नेत, त्या डबी घेऊ लागल्या. रेल्वेत डबी फुटत नाही, पावसाळ्यात तिचा सूर उतरत नाही. मोठे गवई तंबोरे घेत राहिले; पण दुकान मोठ्या गवयांवर चालत नसते, शिकणाऱ्यांवर चालते. अब्बांच्या पगारात ते दिसत होते. आणि त्याच काळात मी, त्यांचा मुलगा, कार्यक्रमाला निघताना पिशवीत तीच डबी टाकत होतो. ऑर्केस्ट्र्याच्या जीपमध्ये साडेचार फुटांचा तंबोरा बसत नाही, हे त्यांनाही कळत होते. या गोष्टीवर आमच्यात कधी भांडण झाले नाही. एकदाच, डबी चालू असताना ते दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “अच्छा बजताय. पन सुनता किसकू है?” वाजते चांगले, पण ऐकते कोणाला? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

२०१८ च्या हिवाळ्यात मीच त्यांना म्हटले, “अब्बा, डबी सोडून देतो. तुमच्या हातची जवारी मशीनमध्ये घालून घेऊ.” तोवर त्यांचे दुकान सुटले होते, हात थोडा थरथरत होता. दुकानातून एक मर्दानी आणि एक जनानी तंबोरा आणला. तंबोरा बारा सुरांत सारखा बोलत नाही. तारेची जाडी आणि लांबी ठरलेली. फार चढवली तर तुटते, फार उतरवली तर लोंबते. म्हणून मर्दानीवर पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, आणि जनानीवर काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच असे नऊ सूर घेतले. मधल्या पांढरी तीन आणि पांढरी चार या दोन सुरांना दोन्ही तंबोरे राजी नव्हते. प्रत्येक सूर चार मिनिटांचा, कारण तुकडा लहान असला की तो फिरून आल्याचे कानाला कळते. पंखा बंद, फ्रिज बंद, फजरच्या आधीची वेळ. पाच रात्री लागल्या. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, अब्बा गेले. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात, लग्नात आणि उरुसात, अभंगात आणि गझलेत, माझ्या मागे तो तंबोरा होता. नातशरीफला आणि ज्ञानोबांच्या अभंगाला एकच काळी एक पुरते.

आता नव्या टॅबलेटवर त्या नऊ फाइली चढवल्या आणि काळी एक लावली. मुलगी म्हणाली, “छान येतोय.” मला मात्र बसल्या जागी कससे झाले. सूर काळी एकचा नव्हता. पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठे तरी तो लोंबकळत होता. शिवाय तारा घाईने छेडल्यासारख्या वाटत होत्या. अब्बा असे कधी छेडत नसत. ते चार तारांमध्ये श्वास घ्यायचे.

फाइलीची लांबी पाहिली. चार मिनिटांची फाइल तीन मिनिटे चाळीस सेकंदांत संपत होती. तिथे मुलीला सुगावा लागला. ध्वनी साठवताना यंत्र सेकंदाला हजारो वेळा त्याचे माप घेते. २०१८ मध्ये मी सेकंदाला ४४,१०० मापे घेतली होती. सीडीसाठी हेच माप रूढ होते. जुन्या ॲपने ती मापे नुसत्या आकड्यांच्या रांगा म्हणून ठेवली होती, किती वेगाने वाचायची हे फाइलीत लिहिलेलेच नव्हते. नवा टॅबलेट सेकंदाला ४८,००० च्या वेगाने चालतो. त्याने तीच रांग आपल्या वेगाने वाचून टाकली. त्यामुळे सूर सुमारे दीड पट्टी वर चढला आणि वेळ कमी झाला. एकही माप हरवले नव्हते, सगळेच्या सगळे आले होते. फक्त वाचणाऱ्याची चाल बदलली होती. मुलीने प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर वेगाची नोंद घातली, संगणकावर ती ४८,००० मध्ये नीट रूपांतरित करून घेतली. पुन्हा काळी एक लावली. चार मिनिटे पूर्ण झाली. अब्बा आपल्या चालीने वाजवत होते. आम्ही दोघे काही बोललो नाही. आतून बायकोने विचारले, “काय झाले?” मुलगी म्हणाली, “काही नाही, आजोबा जागेवर आले.”

बाकीच्या गोष्टी तिच्या भाषेत ‘छोट्या’ होत्या. त्यातली एक सांगतो. पहिल्या सरावात मी सतारीसाठी पेडल दाबले आणि बॅन्जो वाजला. पेटीच्या जागी ॲकॉर्डियन आला. सनईच्या जागी किणकिणणारी घंटा. पोरे हसून लोळायची राहिली. कारण अगदी साधे निघाले. आवाजांना आकडे देण्याची जी सर्वमान्य यादी १९९१ मध्ये ठरली, तिच्यात सतार १०५ वर आणि बॅन्जो १०६ वर आहे. जुने ॲप शून्यापासून मोजत होते आणि नवे एकापासून मोजते असे ठरवून यादी आणताना सगळ्यात एक मिळवला गेला. पण नवे ॲपही शून्यापासूनच मोजणारे होते. म्हणून प्रत्येक वाद्य शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसले. एक वजा केला, सगळे आपापल्या घरी परतले.

या निमित्ताने एक गोष्ट मनात आली. टॅबलेट बदलला, त्याचे भोक बदलले, ॲप बदलले, हेडफोनची जागा तर नव्या यंत्रात उरलीच नाही. ऑक्टोपॅडवाल्याचे टकटक आणि तंबोरा वेगळे काढण्यासाठी बाहेरून ध्वनीची वेगळी डबी जोडावी लागली. एका वस्तूने मात्र कुठेही अडवले नाही. ती म्हणजे ‘मिडी’, वाद्यांनी एकमेकांशी बोलायची बोली. १९८३ मध्ये ती बाजारात आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ती मान्य केली आणि कोणा एकाच्या मालकीची ठेवली नाही. २०१३ मध्ये त्या दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाले. माझा की-बोर्ड जुना, टॅबलेट नवा, तरी दोघांचे बोलणे पहिल्या दिवसापासून सुरू झाले. ज्या गोष्टी एकट्याच्या मालकीच्या होत्या त्या त्याच्याबरोबर बंद पडल्या. सगळ्यांनी मिळून ठरवलेली गोष्ट चाळीस वर्षे टिकली.

गाण्यांच्या शब्दांचेही असेच झाले. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले. घरी आम्ही आमची दखनी बोलतो, उर्दू मी अडखळत वाचतो. कव्वालांच्या वह्या उर्दू लिपीत असत. मी शेजारी बसून ते शब्द देवनागरीत उतरवून घेत असे, नुक्ते देऊन. त्यातली काही गाणी पूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती. ज्यांची पीडीएफ केली होती ती जशीच्या तशी आली, कारण पीडीएफ आपले टाइप बरोबर घेऊन फिरते. ज्यांचा नुसता मजकूर होता, तो नव्या टॅबलेटवर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा होऊन उमटला. जुन्या फाँटला युनिकोड माहीत नव्हते. अशी सत्तेचाळीस गाणी निघाली. ती मी जुन्या वहीवरून पुन्हा टाइप केली. वही टाकून दिली नव्हती म्हणून जमले. वहीला ना बॅटरी असते, ना आवृत्ती.

एकेक पान तपासावे लागल्यामुळे एक असे काम झाले, जे मी एरवी कधी केले नसते. ६१२ पानांमधून मी सलग गेलो. कार्यक्रमात आपण एका वेळी एकच पान पाहतो. सलग पाहिले तेव्हा ती गाण्यांची यादी राहिली नाही, माणसांची यादी झाली. हा कव्वाल २०२० मध्ये गेला. हा लग्नात गाणारा मुलगा आता दुबईत नोकरी करतो. या गावचा उरूस आता डीजेवर होतो, त्या बारा पानांना सहा वर्षांत हात लागलेला नाही. मुलगी म्हणाली, “पप्पा, जे लागत नाही ते नको घेऊ या. नवे घर आहे, अडगळ कशाला?” बोलणे चुकीचे नव्हते. पण गेलेल्या कव्वालाच्या पानावर, ‘दुसऱ्या अंतऱ्यानंतर थांबेल, खोकेल, घाई करू नये’, अशी माझीच टीप होती. मी ती पाने पाचवा गठ्ठा करून आत घेतली. त्या गठ्ठ्याला नाव दिले नाही.

अभंगाच्या गठ्ठ्यात ताईंची पाने होती. ताई शाळेत शिक्षिका होत्या. आता सत्तरीच्या जवळ आहेत. बारा वर्षे मी त्यांच्या साथीला आहे. प्रत्येक वेळी सूर बदलला की मी जुना आकडा खोडत नसे, खाली नवा लिहीत असे, तारखेसह. तो सगळा उतार आता एका पानावर दिसला. २०१३ : काळी चार. २०१८ : पांढरी पाच. २०२१ : काळी तीन. २०२४ : पांढरी चार. पट्टी-पट्टीने एक गळा खाली आला होता आणि तो कधी बेसूर झाला नव्हता. ताईंनी उगाच वर गाण्याचा हट्ट धरला नाही. दर वेळी सहज म्हणायच्या, “भाई, आज जरा खाली घ्या.” मी घेत असे. एवढ्या मोठ्या प्रवासाला आम्ही दोघांनी तेवढेच चार शब्द खर्च केले होते.

पांढरी चार. अब्बांच्या नऊ सुरांत तो नाही. गेले वर्षभर मी काळी तीनची फाइल यंत्राकडून एक पट्टी उतरवून वाजवत होतो. जुन्या टॅबलेटच्या लहानशा स्पीकरवर ते खपून जाई. नव्या डबीतून, चांगल्या स्पीकरवर ऐकले तेव्हा जवारीतला कृत्रिमपणा लपेना. तारेच्या टोकाला पत्र्याचा वास आल्यासारखे झाले. हेही मुलीला दुरुस्त करता येईल असे वाटले होते. तिने खूप खटपट केली. शेवटी तीच म्हणाली, “यात चूक काहीच नाही, पप्पा. आजोबांनी हा सूर वाजवलेलाच नाही. नसलेले कुठून आणणार?”

अब्बांच्या हाताखाली शिकलेला एक कारागीर अजून त्याच दुकानात आहे. त्याला सांगितले. तो म्हणाला, जनानी तंबोऱ्याला थोड्या जाड तारा चढवल्या तर पांढरी चार बोलेल. पण एक अट घातली : “ताईंना आणा. नुसत्या सुरावर मी धागा लावणार नाही.” मला हसूही आले आणि घशात काही अडकल्यासारखेही झाले. ताईंना फोन केला. त्या रिक्षाने आल्या. खोलीत सतरंजीवर बसल्या. त्याने तंबोरा आडवा घेतला, ताईंनी षड्ज लावला, त्याने धागा सरकवला, पुन्हा षड्ज, पुन्हा धागा. ताईंचा आवाज आता वर थोडा कोरडा असतो आणि खाली भरतो. त्याने जवारी फार खुली ठेवली नाही, जरा गोल ठेवली; कोरड्या आवाजावर झणझणाट चढू नये म्हणून. अर्ध्या तासाने ताई गाता गाता थांबल्या, म्हणाल्या, “आता मला काही करावे लागत नाहीये. बसल्या बसल्या सूर मिळतोय.” त्या घरी गेल्यावर, पहाटे, पंखा-फ्रिज बंद करून आम्ही चार मिनिटे रेकॉर्ड केली. या वेळी वेगाची नोंद फाइलीतच ठेवली.

त्या पहाटे मला अब्बांच्या दारातल्या प्रश्नाचा अर्थ लागला. यंत्रात घातलेला तंबोरा ऐकत नाही हे खरेच आहे. तो ज्या दिवशी वाजला त्या दिवशीच थांबतो. माणसाचा गळा थांबत नाही. मग साथीदाराने काय करायचे? डबी फेकून द्यायची, हे माझ्या धंद्यात शक्य नाही. पण एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सामान नेले म्हणजे साथीची तयारी झाली, असेही समजायचे नाही. मधून मधून गाणाऱ्याला समोर बसवून धागा पुन्हा लावायचा. त्यासाठी धागा लावणारा हात गावात शिल्लक राहायला हवा. ताईंच्या चार मिनिटांसाठी मी त्या कारागिराला त्याच्या दिवसभराच्या कामाचे पैसे दिले. तो घेत नव्हता. मी म्हटले, “हे तुझ्या उस्तादाचेच समज.” तेव्हा घेतले.

अभंगाचा कार्यक्रम कृष्णेकाठच्या एका गावात झाला. पावसाची भुरभुर होती, मांडवाखाली माणसे दाटून बसली होती. पेडल चालले, सतारीला सतारच वाजली, तार एकदाही निसटली नाही. साथ चांगली झाली की तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, तसे कुणाचे गेले नाही. ताईंनी त्या दिवशी शेवटचा अभंग नेहमीपेक्षा सावकाश घेतला. ऑक्टोपॅडच्या मुलाने माझ्याकडे पाहिले, मी खूण केली, त्याने कानातली टकटक काढून ठेवली आणि ताईंच्या श्वासावर हात चालवला. कोणत्याही पानावर ते लिहिलेले नव्हते.

नंतरच्या आठवड्यात जुना टॅबलेट ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. त्या मुलाला मी शेजारी बसवून नव्या टॅबलेटची सगळी जुळणी एका वहीत लिहून घ्यायला लावली : कोणती तार कुठे, कोणता आकडा कशाला, सूर कोणाचा कोणता. पुढचे बिऱ्हाड बहुधा त्यालाच हलवावे लागेल. तंबोऱ्याच्या फाइलींना आता नुसती सुरांची नावे नाहीत. प्रत्येकीवर सूर, साल, जवारी कोणाच्या हातची आणि ती कोणासाठी लावली, असे चार शब्द आहेत. दहावीवर ताईंचे नाव आहे. अब्बांच्या नऊ फाइलींवर शेवटचा रकाना भरताना मी बराच वेळ थांबलो. त्या पाच रात्री समोर गाणारे कोणी बसलेले नव्हते, मीच पेटी घेऊन सूर देत होतो. तिथे मी माझे नाव लिहिले.